एल रीनोचा कांदा

संपादकांचा निरोप आला, की दिवाळी अंकासाठी नेहमीसारखे ग्रंथपरीक्षण नको. घरातली सगळी माणसे वाचतील असे काहीतरी द्या. गेली वीस-बावीस वर्षे मी दुसऱ्यांच्या पुस्तकांवर लिहीत आलो आहे. त्यात सगळ्या माणसांनी वाचावे असे काही नसते, हे इतक्या सौजन्याने मला आजवर कोणी सुचवले नव्हते. तेव्हा यंदा पुस्तक बाजूला ठेवतो आणि एका उपाहारगृहाचे परीक्षण करतो. ते आहे अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या एल रीनो नावाच्या गावी, आणि तिथे मिळतो बर्गर. ज्या वाचकांच्या भुवया इथेच वर गेल्या असतील, त्यांना आधीच सांगून टाकतो: होय, ते गाईचेच मांस, आणि मी ते खाल्ले नाही. न वाचता परीक्षण लिहिणारे आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. पण ती गोष्ट पहिल्याच परिच्छेदात कबूल करणारा बहुधा मीच पहिला.

आमची मुलगी आणि जावई ओक्लाहोमा सिटीत असतात. तेथून पश्चिमेला पंचवीस-तीस मैलांवर एल रीनो. वस्ती सतरा हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या बऱ्यापैकी तालुक्याच्या गावाहूनही लहान, पण कॅनेडियन कौंटीचे मुख्य ठाणे. जमीन सपाट, माती कोकणी माणसाला घटकाभर फसवील इतकी तांबडी, आणि वारा असा, की मोटारीतून उतरताच हिने ओढणी आणि मी टोपी एकदमच सावरली. २०१३ च्या ३१ मे रोजी याच गावाजवळून अडीच मैलांहून रुंद असा टॉर्नेडो गेला होता, ही माहिती जावयांनी नेमकी त्याच क्षणी द्यायला नको होती. गावात विटांच्या जुन्या इमारती आहेत, रॉक आयलंड रेल्वेचे जुने स्थानक आहे (तिथे आता संग्रहालय आहे), आणि शिकागोहून पश्चिमेच्या समुद्राकडे जाणारा तो सुप्रसिद्ध रूट ६६ इथूनच गेला. एवढे सगळे पाहायला अर्धा तास पुरतो. लोक येतात ते कांदा खायला.

हा कांदा समजून घ्यायचा तर १९२२ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी १ जुलैला अमेरिकेतल्या रेल्वे-कारखान्यांतले कामगार मजुरीतल्या कपातीविरुद्ध संपावर गेले. देशभरात मिळून ही माणसे चार लाखांच्या आसपास होती. एल रीनो हे रेल्वेच्या जिवावर जगणारे गाव. तिथे संप म्हणजे साऱ्या बाजारपेठेच्या खिशाला कुलूप. गावात हॅम्बर्गर इन नावाचे एक दुकान होते. ते चालवणाऱ्या रॉस डेव्हिसने, असे सांगतात, गिऱ्हाइकाची आणि स्वतःची लाज राखणारा एक तोडगा काढला: खिमा कमी करायचा आणि तेवढाच कांदा बारीक चिरून त्यात दाबून बसवायचा. मांस महाग, कांदा स्वस्त; बर्गर दिसायला पहिल्याएवढाच मोठा. पुढे संप फसला. १९८० साली ती रॉक आयलंड रेल्वेही बंद पडली. कांदा मात्र राहिला. १९२६ मध्ये निघालेले रॉबर्ट्स ग्रिल, १९४६ मधले जॉनीज आणि त्यांच्या मागून आलेले सिड्स, ही तिन्ही ठिकाणे हाकेच्या अंतरावर आहेत, आणि तिन्हींची कीर्ती याच एका पदार्थावर उभी आहे. आम्ही कुठे बसलो ते सांगत नाही. एकाचे नाव घेतले की उरलेल्यांवर अन्याय होतो, आणि ग्रंथपरीक्षणाच्या धंद्यात मी तो पुरेसा केला आहे.

आत शिरल्यावर टेबलाकडे वळू नये. तव्यासमोर उंच स्टुलांची रांग असते, तिथेच बसावे. तवा म्हणजे दोन पाट जोडून ठेवावेत एवढी लोखंडी लादी. आमच्या वेळी तव्यापाशी पन्नाशीच्या एक बाई होत्या, हातात रुंद पात्याचे उलथणे. त्यांनी मोठ्या लाडवाएवढे खिम्याचे गोळे तव्यावर टाकले आणि प्रत्येकावर कांद्याचा ढीग ठेवला. कांदा कसा? कागदासारखा पातळ चिरलेला, आणि मूठभर म्हणावे तर मूठ पहिलवानाची. गोळा खाली दिसेनासा झाला. मग उलथणे आडवे धरून त्यांनी सारे वजन टाकले, आणि ढीग व गोळा यांची मिळून एक चपटी, वेड्यावाकड्या कडांची थालीपिठासारखी चकती झाली. यात कांदा मांसावर राहत नाही, मांसात शिरतो. खालची बाजू करपायच्या बेतात आली की एकदाच उलटायचे. आता कांदा लोखंडावर आणि मांस वर. कांद्याला पाणी सुटते, ते मांसाच्या चरबीत मिसळते, कडांना तपकिरी जाळी धरते, आणि आपल्याकडे वाटणाला कांदा भाजताना जो वास दोन घरे ओलांडून जातो, तो वास येऊ लागतो. शेवटी चीजची एक चकती, आणि तिच्यावर पावाचे दोन्ही भाग उपडे. ध्यानात घ्या, हा पाव तव्यावर भाजत नाहीत. कांद्याच्या वाफेवर मऊ करतात. बाजूला खारवलेली काकडी, वाटल्यास मोहरीचे पिवळे मस्टर्ड. बस्स. आमच्या जावयांनी डोळे मिटून खाल्ले. त्यांना मत विचारले तर तोंड भरलेले असल्यामुळे त्यांनी मान डोलावली, आणि मांसासंबंधी माझ्याजवळ एवढाच पुरावा आहे.

आता टीका. आशय आणि घाट यांच्या नात्यावर आपल्या टीकाकारांनी कागदाची रिमेच्या रिमे खर्च केली, आणि मीही त्यातली काही फाडली आहेत. घाट हा आशयावर वरून चढवलेला अंगरखा नव्हे, तो आशयातूनच उमलतो, असे आपण म्हणतो आणि मग पुढच्याच कादंबरीत पानापानावर चिकटवलेली सुभाषिते गोड मानून घेतो. एल रीनोच्या तव्यावर हा वाद दीड मिनिटात मिटतो. परतल्यावर चार दिवसांनी मुलीने आम्हांला शहरातल्या एका नव्या, झगमगीत उपाहारगृहात नेले. तिथेही ‘ओक्लाहोमाचा कांदा-बर्गर’ होता; किंमत जवळजवळ दुप्पट. कांदा वेगळ्या भांड्यात, साखर घालून तासभर शिजवलेला, आणि सजावटीसारखा वरून ठेवलेला. जावई म्हणाले, मांस उत्तम आहे. मुलगी म्हणाली, कांदाही उत्तम आहे. दोघांचेही खरे होते, आणि पदार्थ मात्र तिथे नव्हता. दाबलेला कांदा आणि ठेवलेला कांदा यांत जे अंतर आहे, ते समजावून सांगायला मला आजवर दोन-दोन स्तंभ लागत.

खिमा हा मुळातच संशयाला जागा देणारा जिन्नस. आमच्या चाळीत मटणाला पाठवताना आई बजावत असे, ‘खिमा समोर करून घे हो.’ अमेरिकेतल्या आयांनाही हीच धास्ती होती. १९०६ साली अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ या कादंबरीने शिकागोच्या मांस-कारखान्यांतली घाण चव्हाट्यावर मांडली, आणि त्यानंतर बारीक केलेल्या मांसाकडे माणसे कित्येक वर्षे वाकड्या नजरेने पाहत राहिली. १९२१ मध्ये एल रीनोच्या उत्तरेला, कॅन्सस राज्यातल्या विचिटा येथे व्हाइट कॅसल निघाले. त्यांनी या संशयाला उत्तर दिले ते शुभ्रतेने: पांढऱ्या भिंती, पांढरे गणवेश, बर्गर पाच सेंटांना. कॅलिफोर्नियात मॅकडॉनल्ड बंधूंनी १९४८ मध्ये दिलेले उत्तर गतीचे होते. मोजके पदार्थ, ठरलेली कामे, खिडकीतून मिळणारी पिशवी. हेच घराणे १९९६ मध्ये आपल्याकडे दिल्ली-मुंबईत आले, गाईचे मांस घरी ठेवून, आणि पुढे बटाट्याची टिक्की पावात घालून त्यांनी आपल्या मुलाबाळांना बर्गर शिकवला. तो मी नातवंडांबरोबर पुष्कळदा खाल्ला आहे. त्यात दोष काढण्याजोगे काही सापडत नाही, हाच त्याचा दोष. एल रीनोचे उत्तर सर्वांत जुने आणि साधे आहे: बसा समोर, आणि पाहा. गोळा केवढा, कांदा किती, उलथण्यावर हात कसा पडतो, सारे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. जो कांदा मांस वाचवण्यासाठी घातला, तो चोरून घातलेला नाही. सगळ्या गावासमोर घातला आहे. म्हणूनच त्याला भेसळ कोणी म्हटले नाही.

माझी पाळी आली तेव्हा मुलीने बाईंना सांगितले, की बाबांना हेच हवे, फक्त मांस नको. बाईंचे उलथणे हवेत थांबले. ‘म्हणजे बर्गरवाचून बर्गर?’ मी म्हणालो, कांदा असू द्या, कांदा भरपूर. शेजारच्या स्टुलावरचे ट्रकवाले गृहस्थ मस्टर्ड खाली ठेवून ऐकू लागले. बाईंची अडचण कारागिराची होती: दाबायचा तर कशात दाबायचा? कांद्याला धरून ठेवायला खाली काहीच नाही. त्यांनी क्षणभर विचार केला, कांद्याचा ढीग नुसताच तव्यावर दाबून पसरला, तपकिरी होऊ दिला, मग त्यात चीजची एक चकती वितळवून त्याची मोट बांधली, वर पाव उपडा ठेवला आणि सारे एका झटक्यात उचलले. तवा तोच, त्यावरची चरबीही तीच. हे मला दिसत होते आणि कळतही होते. माझ्या कर्मठ मित्रांनी मला इथे पकडावे, माझी हरकत नाही. हिने मात्र तव्याकडे एकदा पाहिले, नुसती कॉफी मागवली, आणि पर्समधून चिवड्याची पुडी काढली. ट्रकवाल्या गृहस्थांनी त्यातला मूठभर चिवडा घेतला व कढीपत्त्याचे पान बाजूला काढून, हे खायचे की कसे, असे अदबीने विचारले.

मी पहिला घास घेतला आणि खाली ठेवला.

ती चव माझ्या ओळखीची होती. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. १९८२ च्या १८ जानेवारीला मुंबईतले अडीच लाखांच्या आसपास गिरणीकामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आम्ही घरात सहा माणसे. संपाआधी रविवारी अर्धा किलो खिमा येई. फेब्रुवारीत तो पाव किलो झाला आणि पातेल्यात कांदा वाढला. शिमग्यापर्यंत खिमा आणखी निम्मा, कांदा आणखी दुप्पट. आई बोलत काहीच नव्हती. पातेले तेच, मसाला तोच, वर कोथिंबीरही तशीच. धाकटा भाऊ कांद्यात बोटाने खिमा शोधी आणि सापडला की ओरडून सांगे, आणि आम्ही हसत असू. पावसाळा लागला तसा एका रविवारी त्याने खूप शोधले आणि काही सापडले नाही. खिमा गेला होता. कांदा तेवढा खिम्याच्या मसाल्यात, भाकरीबरोबर ताटात होता. आईने वाढताना त्याला खिमाच म्हटले. त्या दिवशी कोणी हसले नाही. तो संप रीतसर मागे म्हणून घेतलाच गेला नाही; आमच्या घरात तो पातेल्यातून असा संपत गेला.

एल रीनोच्या बाईंना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण १९२२ चा संप आणखी वर्षभर चालला असता, तर डेव्हिसच्या तव्यावर जो बर्गर उरला असता तो त्यांनी माझ्यासाठी केला होता.

आणि मला तो फार आवडला. इथेच अडचण आहे. लहानपणीही मला तो कांदा आवडे. खिम्याहून जास्त आवडे. तीन-चार वर्षांनी दिवस पालटले, वडिलांना दुसरीकडे काम लागले, रविवारचा खिमा परत आला. एकदा मी आईला म्हटले, तो संपातला कांदा एकदा कर ना. तिने हातातला डाव खाली ठेवला. ‘या घरात ते परत होणार नाही,’ एवढेच म्हणाली, आणि झाले नाही.

परतीच्या वाटेवर मी मोटारीत मोठ्या उत्साहाने बोलत होतो. टंचाईतून कला कशी जन्मते, हा माझा विषय. एल रीनोत दर मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी बर्गरचा उत्सव भरतो. शेकडो पौंड वजनाचा एकच कांदा-बर्गर करून तो लोकांत वाटतात. पहा, एका हरलेल्या संपाची आठवण गावाने कशी गोड करून घेतली! ही मागच्या सीटवरून म्हणाली, ‘गोड लागते ती खाणाऱ्याला. कापणारीला विचारा.’ जावयांनी रेडिओ लावावा की न लावावा अशा विचारात बटणाकडे हात नेला आणि परत घेतला.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे, आणि तिचे म्हणणे मला अर्धेच पटते. डेव्हिसचा कांदा दुकानात होता. गिऱ्हाईकही संपातले, दुकानदारही त्यांच्यावर पोट असलेला. कमी पडते आहे हे उभयतांना माहीत, आणि ते उघड्यावर, तव्यावर मांडलेले. त्यात हुशारी होती आणि तिची शाबासकीही मिळे. आपल्याकडेही गिरण्या बुडाल्यावर कित्येक कामगार वडापावच्या गाडीमागे उभे राहिले. त्या वड्याची आज आपण कौतुके करतो, आणि केलीच पाहिजेत. पण माझ्या आईचा कांदा भिंतीआड होता. तो कोणाला दिसू नये यासाठीच तिची सगळी कारागिरी खर्च झाली. शेजारच्या खोलीत वास जावा तो खिम्याचाच, म्हणून ती मसाला आधी तेलावर परतून घेई. तंत्र म्हणून पाहिले तर ती एल रीनोच्या कोणत्याही तव्याला हार गेली नसती. मात्र जिथे दाद देणेच गैर, अशा कलाकृतीचे परीक्षण कसे लिहायचे, हे मला कोणत्याही ग्रंथात सापडले नाही.

राहिले किरकोळ. पाव फार मऊ आणि किंचित गोडसर. आपल्या इथल्या बेकरीतला कडक पाव त्याला शोभला असता, पण मग वाफ कुठे मुरली असती, हेही खरे. चीज नारिंगी रंगाचे, आणि चवीपेक्षा डिंकाच्या कामाचे. तिथे कोनी नावाचा एक लांबट सॉसेजचा पदार्थही मिळतो. त्यावर मोहरीच्या चवीची, अगदी बारीक चिरलेल्या कोबीची कोशिंबीर घालतात. ती मी नुसती मागून खाल्ली आणि तिची शिफारस करतो. दुपारी बारानंतर जाऊ नये, स्टूल मिळत नाही. अकराला जावे.

आम्ही अकरालाच गेलो होतो. बाहेर पडलो तेव्हा साडेअकरा वाजले होते, म्हणजे बदलापूरला रात्रीचे दहा. आई तिथे धाकट्या भावाकडे असते आणि माझा फोन आल्याशिवाय झोपत नाही. वाऱ्याकडे पाठ करून मी फोन लावला. काय जेवलास, हा तिचा पहिला प्रश्न. मोटारीतला वाद अजून व्हायचा होता, म्हणून मी सहज खरे सांगून टाकले.

‘कांदा आणि पाव.’

ती थोडा वेळ गप्प राहिली. ‘एवढ्या लांब जाऊन?’

मी म्हटले, इथे असाच करतात, प्रसिद्ध आहे.

‘मसाला काय घालतात?’

‘काही नाही. मीठ तेवढं.’

‘मग झाकण ठेवायला हवं. नाहीतर पाणी उडून जातं आणि कांदा करपतो, मऊ होत नाही.’

‘झाकण नाही ठेवत. वर पाव उपडा ठेवतात.’

‘म्हणजे झाकलंच की,’ आई म्हणाली. मग भावाला दिवा घालवायला सांगताना तिचा आवाज लांबून आला, आणि फोन बंद झाला.